मेट्सचे १६२ गेम आणि संध्याकाळी सातचं घर

"ताई, मी एडिसनला राहतो, वय ४४. २००५ ला नोकरीसाठी न्यू जर्सीत आलो, रूममेटने एकदा शे स्टेडियमला न्यूयॉर्क मेट्सचा बेसबॉल गेम बघायला नेलं आणि तेव्हापासून मेट्सचा झालो तो झालोच. २००९ पासून प्रत्येक गेम झाल्यावर रात्री बसून त्याच्यावर लिहितो, आजपर्यंत एकही चुकवलेला नाही, मुलगा झाला त्या रात्रीसुद्धा हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून लिहिलं. वाचणारे बरेच आहेत, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधले एक आजोबा तर सकाळी न चुकता उत्तर पाठवतात. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा. गेल्या सप्टेंबरमध्ये मुलीला सायन्स प्रोजेक्टसाठी माझी मदत हवी होती, तर तिने आधी मेट्सचं शेड्युल बघितलं आणि मग म्हणाली, 'बाबा गुरुवारी चालेल का, गुरुवारी गेम नाहीये.' ते डोक्यातून जातच नाही. बायको म्हणते, 'बंद कर असं मी सांगणार नाही, उद्या ते माझ्या नावावर लागेल.' आई साताऱ्याला एकटी असते, तिच्याशी बोलतानाही समोर गेम म्यूटवर चालू असतो. आता फेब्रुवारी आहे, स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सीझनआधीचा सराव, सुरू होतंय. सगळं बंदच करून टाकू का? कमी करायचं म्हटलं तर मला अर्धवट काही जमत नाही. आणि मी लिहिणं सोडलं तर मी नक्की कोण उरतो, हेही कळत नाही."
— एक मेट्सवाला

अरे मेट्सवाल्या,

वयाने मोठी आहे म्हणून सरळ अरे-तुरेच करते. आणि उत्तर पण सरळच देते. सगळं बंद करू नकोस, पण कमी कर, आणि भरपूर कमी कर, थोडंसं इकडेतिकडे कापून भागणार नाही.

आधी मुलीबद्दल बोलू, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तुलाही ते माहितीये म्हणूनच तू लिहिलंस. बघ, ती रागावलेली नव्हती, तिने तक्रार केली नाही, रडली नाही. तिने तुझ्यासाठी सोय करून घेतली. अकरा वर्षांच्या पोरीने आपली गरज बापाच्या शेड्युलमध्ये कुठे बसते ते शोधलं, आणि शहाण्यासारखी गुरुवारची वेळ मागितली. यात तुझ्यावरचं प्रेम आहेच, ते मी नाकारत नाहीये, पण अशी सोय करून घेणारी मुलं पुढे एकदोन वर्षांत विचारायचंच बंद करतात, कारण तोपर्यंत त्यांना बाकीची माणसं मिळालेली असतात, मैत्रिणी असतात, फोन असतो. ती अजून विचारतेय ही तुझ्या हातातली गोष्ट आहे. म्हणून हे या सीझनलाच करायचं, पुढच्या नाही.

आता आपल्या बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण बेसबॉल म्हणजे काय प्रकरण असतं हे भारतात बसून लक्षात येत नाही. आपल्याकडे आयपीएल दोन महिन्यांत आटपते, एका टीमच्या लीगमध्ये १४ मॅचेस. इथे एका टीमचे एका सीझनमध्ये १६२ गेम, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, आठवड्यातून सहा दिवस, कधीकधी सातही. २०२३ ला पिच क्लॉक आलं, म्हणजे पिचरला चेंडू टाकायला सेकंद मोजून मिळायला लागले, आणि सरासरी गेम तीन तासांच्या वरून २ तास ४० मिनिटांवर आला. तरीही १६२ ने गुण, ४३२ तास होतात. त्यात तुझं लिहिणं धर, रोजचा एक तास धरला तरी जवळपास ६०० तास. आठ तासांचा दिवस पकडला तर ७५ दिवस ऑफिसला गेल्यासारखं! हा आकडा मी तुला घाबरवायला नाही सांगत, पण कमी करायचं म्हणजे काय आणि कुठून कमी करायचं हे तासांतच बघावं लागेल. आणि ते तास दिवसाच्या कुठल्या भागात पडतात, खरी गोम तिथे आहे.

मेट्सचा घरचा गेम विकडेला बहुतेक वेळा ७:१० ला सुरू होतो. ७:१० ते ९:५०. आता तुझ्याच घरात त्या वेळात काय काय असतं ते आठव. जेवण, होमवर्क, मुलाची आंघोळ, त्याला झोपवणं, दुसऱ्या दिवशीचे डबे, आणि दिवसभर ऑफिस करून आलेल्या बायकोचं तुझ्याशी जे काही दोन शब्द बोलायचं असेल ते. मुलांच्या घरात दिवसभराचं सगळं याच अडीच तासांत होतं. पहाटे चार ते साडेसहा गेम असता तर तुझ्या बायकोला काही पडलेली नसती, तिने उलट चहा करून दिला असता. आणि साताऱ्याचा हिशोब तर याहून सोपा आहे. पूर्ण बेसबॉल सीझनमध्ये तुमच्यात आणि भारतात साडेनऊ तासांचा फरक असतो. आई सकाळी सहाला उठून चहा घेत बसत असेल, म्हणजे तुझे रात्रीचे साडेआठ, म्हणजे नऊपैकी पाचवी-सहावी इनिंग. तिची बोलायची वेळ आणि मेट्सच्या रिलीफ पिचरची, म्हणजे बदली पिचरची, मैदानात यायची वेळ एकच आहे. तू म्यूटवर टाकलंस तरी तिला कळतं, आयांना कळतंच, मध्येच तू "हं" म्हणायला एक सेकंद उशीर करतोस त्यावरून कळतं.

मग करायचं असं, की सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहा ते नऊ गेम लाइव्ह नाही. टीव्हीवर नाही, फोनवर नाही, आणि एका कानात इअरबड घालून भांडी घासताना रेडिओवरही नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण पहिली पळवाट तीच निघते. अर्धं लक्ष असलेला माणूस घरात असला की बाकीच्यांना दुप्पट काम पडतं, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. नऊनंतर मुलं झोपली की शेवटच्या इनिंग्ज बघ की, आठवी-नववी तर तिथेच असते आणि गेममधली खरी धाकधूकही बऱ्याचदा तिथेच असते. टीम वेस्ट कोस्टला गेली की गेम तुझ्या पावणेदहा-दहानंतर सुरू होतात, ते मुलांच्या वेळेत येत नाहीत हे खरं, पण संपायला पाऊण-एक वाजतो आणि सकाळी साडेसहाला मुलांना उठवणारा बाप मग चिडचिडा असतो. ते हायलाइट्समध्ये बघ, सकाळी ट्रेनमध्ये.

आठवड्यातली एक संध्याकाळ मात्र तुझी. रविवारी शेड्युल बघून ठरवायची, फ्रिजवर लिहून ठेवायची, आणि त्या दिवशी अपराधी वाटून न घेता पहिल्या पिचपासून बघायचं. पण मग तितकीच एक संध्याकाळ तुझ्या बायकोची, पूर्ण, तिने जिमला जावं, मैत्रिणीकडे जावं, नुसतं दार लावून पडून राहावं, तिने काय करायचं ते तू विचारायचंही नाहीस. हे तुझ्या पत्रात कुठेच नाहीये म्हणून सांगतेय. तुला इतकी वर्षं रोज अडीच तासांचा छंद जमला कारण दुसरं कोणीतरी त्या वेळेत घर चालवत होतं. आणि ती जे म्हणाली ना, उद्या ते माझ्या नावावर लागेल, ते फार विचार करून बोललीय ती. तू तिच्यासाठी सोडलंस असं झालं की मेट्स हरले तरी तिचं तोंड बघशील आणि जिंकले तरी. त्यामुळे हा निर्णय तुझा म्हणून सांग, घरातही आणि बाहेरही, त्याग वगैरे शब्द वापरू नकोस, मुलांसमोर तर अजिबात नाही. मुलांनी तुझ्या त्यागाचं ओझं कशाला वाहायचं?

रविवारी दुपारी १:४० चा गेम असेल तो घरात बिनधास्त लाव. मराठी शाळा दुपारपर्यंत आटपलेली असते, जेवण झालेलं असतं, त्या वेळेला बेसबॉल घरात सगळ्यांना चालतो, कोणी बघेल, कोणी सोफ्यावर झोपेल. सीझनमध्ये एकदोनदा मुलांना घेऊन सिटी फील्डला, मेट्सच्या आताच्या स्टेडियमलाही जा, पेन स्टेशनवरून पुढची ट्रेन पकडून जायला वेळ लागतो पण मुलांना तो प्रवासच आवडतो. रविवारी गेम संपल्यावर मिस्टर मेट डॅशला लहान मुलांना खऱ्या बेसेसवरून पळू देतात, सहा वर्षांच्या मुलाला अजून काय पाहिजे. पण एक सांभाळ, मुलांना बेसबॉलची आवड लावणं हा या सगळ्यावरचा उपाय म्हणून बघू नकोस. बरेच बाप तेच करतात, मुलीला स्कोअरबुक भरायला शिकवतात आणि म्हणतात बघा आम्ही एकत्र वेळ घालवतोय. तिला आवडलं तर छानच. पण तिला सायन्स प्रोजेक्ट करायचा होता, तिच्या आवडीच्या गोष्टीत तू यायचंस, नेहमी तिनेच तुझ्यात का यायचं?

आता एकही गेम न चुकवण्याबद्दल. मला वाटतं तुझं खरं अडलंय ते इथेच. तुला मेट्सपेक्षाही ती न तुटलेली साखळी सोडवत नाहीये, आणि हे मी समजू शकते, इतकी वर्षं एक गोष्ट रोज करणं याला किंमत आहे. म्हणून तुला तुझ्याच खेळातला माणूस आठवून देते. कॅल रिपकेन ज्युनियर, बाल्टिमोर ओरिओल्स. १९८२ पासून सलग २,६३२ गेम खेळला, लू गेहरिगचा २,१३० चा विक्रम त्याने १९९५ ला मोडला होता आणि पुढे तीन वर्षं चालूच ठेवलं होतं. आणि २० सप्टेंबर १९९८ ला, त्या सीझनच्या घरच्या शेवटच्या गेमला, यँकीज समोर असताना, गेम सुरू व्हायच्या थोडा वेळ आधी तो मॅनेजरला जाऊन म्हणाला की आज मी नाही खेळत. दुखापत नव्हती, कोणी बसवलं नव्हतं, त्याने स्वतः थांबवलं. समोरच्या टीमचे खेळाडू डगआउटच्या पायऱ्यांवर येऊन टाळ्या वाजवत होते. आणि त्यानंतर तो २००१ पर्यंत खेळला! साखळी संपली म्हणून रिपकेन संपला नाही. तूही असंच कर. आजारपणात किंवा विमान चुकल्यामुळे तुटू देऊ नकोस, नाहीतर आयुष्यभर हळहळशील. एप्रिलमधला एक चांगला गेम निवड, टीम जिंकत असेल तर उत्तम, आणि त्या दिवशी ठरवून लिहू नकोस. ती संध्याकाळ मुलीला दे.

आणि हॉस्पिटलच्या खुर्चीचं तू लिहिलंस म्हणून मेट्सचा डॅनियल मर्फी. तुला सांगायला नको, पण वाचकांना सांगते. २०१४ ला मेट्सच्या सीझनचा पहिला दिवस आणि त्याच्या मुलाचा जन्म एकाच दिवशी आले, तो बायकोजवळ राहिला, पहिले दोन गेम खेळला नाही. नियमाने तीन दिवसांची पॅटर्निटी लीव्ह मिळते, बेसबॉलमध्ये ती २०११ पासून आहे. तरी न्यूयॉर्कच्या रेडिओवर त्याच्यावर टीका झाली की बायको बाळंत झाली, आता तू काय करणारेस तिथे बसून. मर्फीने शांतपणे सांगितलं की बायकोला माझी गरज होती. पुढच्याच वर्षी, २०१५ च्या प्लेऑफ्समध्ये त्याच मर्फीने लागोपाठ सहा गेममध्ये होमरन, म्हणजे आपल्या सिक्ससारखे फटके, मारले, प्लेऑफ्समध्ये ते आधी कोणी केलं नव्हतं, आणि मेट्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला पोचले. दोन गेम चुकल्याने त्याचं काही बिघडलं नाही आणि टीमचंही नाही. तू त्या रात्री लिहिलंस ते लिहिलंस, मुलगा सहा वर्षांचा झाला, त्याला ते आठवत नाही, त्यावरून स्वतःला आता कोसत बसू नकोस. त्याला आठवणार आहेत या पुढच्या संध्याकाळी.

एक खरं बोलायचं तर, तू बघितलंस म्हणून मेट्स कधी जिंकले नाहीत. २००७ ला १७ गेम उरलेले असताना टेबलमधली सात गेमची आघाडी घालवली आणि शेवटच्या दिवशी मार्लिन्सकडून हरले. २००८ ला शे स्टेडियमचा शेवटचा दिवस, परत मार्लिन्स. आणि गेल्या सीझनला, २०२५ ला, जूनच्या मध्यावर सगळ्या लीगमध्ये सगळ्यात चांगला रेकॉर्ड असलेली टीम शेवटच्या दिवशी पुन्हा मार्लिन्सकडून हरून प्लेऑफ्सच्या बाहेर. त्या रात्री तू किती वाजेपर्यंत लिहीत बसला होतास ते तुला आठवत असेल, आणि मला खात्री आहे तुझ्या बायकोलाही आठवत असेल, कारण मेट्स हरल्यावर घरात कसं वातावरण असतं हे ज्यांनी टीम निवडली नाही त्यांनाही सहन करावं लागतं. कमी बघितलंस की हेही आपोआप थोडं कमी होईल.

आता लिहिणं. आठवड्यातून एक लेख. रविवारी रात्री, मुलं झोपल्यावर, दोन तास. सीझन साधारण २६ आठवड्यांचा, म्हणजे २६ लेख. तू म्हणतोस अर्धवट जमत नाही, पण हे अर्धवट नाहीये, हे वेगळं काम आहे. १६२ रिपोर्टपैकी लोकांना काय लक्षात राहतं? योहान सँटानाने १ जून २०१२ ला १३४ पिचेस टाकून मेट्सच्या इतिहासातला पहिला नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिला नाही, तो दिवस, पिचर असलेल्या बार्तोलो कोलोनने ४२ व्या वर्षी सॅन डिएगोला आयुष्यातला पहिला होमरन मारला तो दिवस. त्याबद्दल रात्री बारा वाजता डोळे चोळत चारशे शब्द लिहिण्यापेक्षा तीन दिवस डोक्यात घोळवून लिहिलेला एक लेख मला वाचायला जास्त आवडेल, आणि क्वीन्सच्या आजोबांनाही. स्कोअर तर सगळ्यांना फोनवर कळतोच, तुझ्याकडे लोक येतात ते तुझ्या नजरेसाठी.

विन स्कलीचं उदाहरण तर फारच जवळचं आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सचा आवाज, म्हणजे कॉमेंटेटर, १९५० ला टीम ब्रुकलिनला होती तेव्हापासून सुरुवात केली, २०१६ ला थांबले, ६७ सीझन. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो चेंडू समोरच्या टीमच्या बिल बकनरच्या पायातून गेला आणि मेट्स वाचले, तेव्हा टीव्हीवर कॉमेंट्री त्यांचीच होती. शेवटच्या बऱ्याच वर्षांत त्यांनी लांबच्या पूर्वेकडच्या दौऱ्यांना जाणं बंद केलं होतं, घराजवळचे गेमच करायचे. डॉजर्सच्या लोकांचं त्यांच्यावरचं प्रेम त्याने कणभरही कमी झालं नाही, जेवढे गेम मिळायचे तेवढे लोक मन लावून ऐकायचे. म्हणून तू कोण उरतोस याचं मी उत्तर देते, तू मेट्सचा माणूस म्हणूनच उरतोस, आठवड्यातून एकदा लिहिणारा.

वाचणाऱ्यांना काय सांगायचं? चार ओळी पुरे. आता रोज नाही, रविवारी लिहीन, घराला वेळ द्यायचाय. लांबलचक निरोप लिहू नकोस, मुलांचे किस्से, त्यांची नावं, बायकोचं म्हणणं यातलं काही तिथे टाकू नकोस, ते घरातलं आहे. थोडे लोक सोडून जातील, जाऊ देत. क्वीन्सच्या आजोबांना मात्र वेगळं सांग, आणि लिहून नाही, फोन करून. रोज सकाळी उठून उत्तर लिहिणारा म्हातारा माणूस बऱ्याचदा घरात एकटा असतो, तुझं लिहिणं हा त्याच्या दिवसाचा भाग असतो. पंधरा दिवसांतून एकदा फोन कर त्यांना. १९६९ त्यांना आठवतं का विचार. १९६२ ला पहिल्या सीझनमध्ये १२० गेम हरलेली टीम सात वर्षांत वर्ल्ड सिरीज जिंकते हे ज्याने डोळ्यांनी बघितलंय त्याच्याकडून ते ऐकून घे, आणि मुलीला पण स्पीकरवर ऐकायचं असेल तर ऐकू दे.

मुलीला कसं सांगशील तेवढं बघ. भाषण नको. एवढंच म्हण की यावर्षीपासून फ्रिजवर लिहिलेली एक संध्याकाळ सोडून विकडेला मी मोकळा आहे, शेड्युल बघायची गरज नाही. ती लगेच विश्वास ठेवणार नाही, अजून काही महिने ती गुपचूप बघेलच आधी, आणि एखाद्या मंगळवारी ब्रेव्हज किंवा फिलीजचा गेम चालू असताना मुद्दाम काहीतरी मागायला येईल. ती परीक्षा घेतेय असं समजून रागावू नकोस, उठ आणि जा. अशा चारपाच मंगळवारांनंतर तिचं बघणं बंद होईल.

पहिले तीन आठवडे तुला फार जड जाणार, ७:१० झाले की हात फोनकडे जाणारच. तो फोन आईसाठी राखून ठेव. ७:१० ला साताऱ्यात पहाट असते, म्हणून साडेआठला लाव, आणि यावेळी व्हिडिओवर, म्हणजे तुझं लक्ष कुठे आहे ते तिलाही दिसेल.

ऑक्टोबरचं आत्ता काहीच ठरवत नाही. मेट्स प्लेऑफ्सला गेले तर त्याचे नियम वेगळे, तेव्हा घरात सगळ्यांशी आधी बोलून सगळे गेम बघ, रोज लिहायचं असेल तर रोज लिही, इतक्या वर्षांच्या माणसाला तेवढा हक्क आहे. ऑगस्टच्या शेवटी टेबलवर मेट्स कुठे आहेत आणि घरी कसं चाललंय, दोन्ही मला कळव.

— ताई